पाण्याखालची भिंत

विजयदुर्गच्या धक्क्यावर उभे राहिले म्हणजे किल्ल्याचा काळपट तट डाव्या हाताला थेट पाण्यातूनच वर आल्यासारखा दिसतो. समोर वाघोटणच्या खाडीचे रुंद मुख, पलीकडे राजापूर तालुक्याचा किनारा, आणि पश्चिमेकडे पाहावे तर डोळा थकेपर्यंत समुद्र. आयुष्यात आम्ही या धक्क्यावर किती वेळा उभे राहिलो असू, याची गणती नाही. यंदा दिवाळीनंतर आम्ही पुन्हा तेथे गेलो, ते आमच्या बहिणीच्या नातवंडांच्या आग्रहाखातर. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यांत विजयदुर्ग आहे, ही बातमी मुंबईस राहणाऱ्या त्या मुलांनी वाचली होती. “आजोबा, तुमच्या गावाकडचा किल्ला जगात गाजला, तो आम्हांला दाखवा,” हा त्यांचा हट्ट होता. त्यात आम्हांला अभिमान वाटला नसता तरच नवल.

किल्ल्यात शिरल्यावर माहिती सांगणारा एक तरुण आमच्यासोबत आला. मुलगा मोठा तोंडाळ आणि गोड होता. तीन पदरी तटबंदी, वळणावळणाचा दरवाजा, धान्याचे कोठार, सदर असे सर्व दाखवीत तो आम्हांला पश्चिमेच्या तटावर घेऊन गेला. तेथे खालच्या फेसाळ पाण्याकडे बोट करून त्याने ती गोष्ट सांगितली. या पाण्याखाली, तटापासून काही अंतरावर, एक दगडी भिंत आहे; शत्रूची जहाजे तोफा डागण्यासाठी जवळ आली की त्यांचे तळ त्या भिंतीवर आपटत आणि बघता बघता ती बुडत; आपल्या लोकांना वाट ठाऊक, म्हणून आपली गलबते सुखरूप ये-जा करीत; आणि म्हणून हा किल्ला समुद्राच्या बाजूने कधीही पडला नाही. मुले डोळे विस्फारून ऐकत होती. आम्ही मात्र तटाच्या दगडावर हात टेकून खाली पाहत राहिलो. त्या तरुणाच्या तोंडचे एकेक वाक्य आमच्या परिचयाचे होते. आम्ही शाळेत शिकवीत असताना जवळजवळ याच शब्दांत ते कित्येक पिढ्यांना ऐकविले होते.

येथे एक कबुली देणे भाग आहे. आम्ही इतिहासाचे शिक्षक. मालवण किनाऱ्यावरील एका शाळेत तीस वर्षे आम्ही हा विषय शिकविला. सहलीस विजयदुर्गला आलो की या तटावर मुलांना ओळीने बसवायचे आणि भिंतीची गोष्ट रंगवून सांगायची, हा आमचा नेम. असेच एकदा, गोष्ट संपवून आम्ही मुलांच्या चेहऱ्यांवरचे समाधान न्याहाळीत असता, मागच्या ओळीतून एक मुलगा उठला. दर्यावर जाणाऱ्या घरातला, अंगाने किडकिडीत. त्याने विचारले, “गुरुजी, बोटी भिंतीक आपटान बुडत होत्यो, तर मगे साहेबाच्यो बोटी खाडीत कश्यो इल्यो?”

प्रश्न साधा होता. १७५६ साली इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला, हे आम्हीच त्याला वर्गात शिकविले होते. त्याने दोन गोष्टी जोडल्या आणि त्या जुळत नाहीत, एवढे त्याच्या ध्यानी आले. आम्हांला उत्तर येत नव्हते. उत्तर येत नाही, असे म्हणण्याचे धैर्यही आमच्या अंगी नव्हते. आम्ही त्याला आगाऊ म्हटले, खाली बसविले, मुले हसली. सहल पुढे सरकली. तो मुलगा त्यानंतर वर्गात फारसे काही विचारीत नसे.

निवृत्तीनंतर हाती वेळ आला आणि तो प्रश्न परत आला. तेव्हा आम्ही मिळेल ते वाचू लागलो. जे कळले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

प्रथम भिंतीविषयी. विजयदुर्गनजीक समुद्रतळाशी भिंतीसारखी लांबट, जांभ्या दगडाची रचना असल्याचे सांगितले जाते, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी या पाण्यात शोध घेतला आहे. लांबी सुमारे १२२ मीटर, रुंदी ७ मीटर, उंची ३ मीटर आणि ठिकाण ८ ते १० मीटर पाण्याखाली, हे आकडे आज पुस्तकांतून आणि वृत्तपत्रांतून सर्वत्र येतात. हे आकडे जसेच्या तसे खरे धरून आम्ही पाटीवर करावे तसे साधे गणित केले. तळ १० मीटरवर, भिंत ३ मीटर उंच. म्हणजे भिंतीच्या माथ्यावर ७ मीटर पाणी. तळ ८ मीटरवर धरला, तर ५ मीटर. भरतीला त्यात आणखी भर पडते. आता जहाजांचे पाहू. त्या काळच्या साठ-सत्तर तोफांच्या इंग्रजी युद्धनौकेचा तळ पाण्यात वीस फुटांच्या आसपास, म्हणजे सुमारे ६ मीटर बुडालेला असे. अशी प्रचंड नौका ओहोटीच्या वेळी नेमक्या त्या जागेवर आली, तर तळ घासण्याचा संभव आहे. भरतीच्या पाण्यात ती निर्धास्त वरून जाईल. लहान जहाजांना तर ती भिंत आहे की नाही, याचा पत्ताही लागणार नाही.

दुसरी गोष्ट जागेची. ही भिंत सांगितली जाते ती किल्ल्याच्या पश्चिमेस, उघड्या समुद्राच्या अंगाला. खाडीचे तोंड आहे उत्तरेस. सव्वाशे मीटरांची भिंत पश्चिमेच्या तटाशी कोणाला येऊ देणार नाही असे घटकाभर मानले, तरी खाडीत शिरण्याची वाट ती अडवू शकत नाही. आणि विजयदुर्गचा जीव होता तो खाडीत. आरमार नांगरून राही ते तेथेच.

आता भिंतीने बुडविलेली जहाजे शोधू. कान्होजी आंग्रे यांच्या हयातीत या किल्ल्यावर परकीयांनी पुनःपुन्हा चाल केली. १७१७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने आरमार पाठविले. तटावर गोळे टाकूनही भगदाड पडेना, आणि चढण्यासाठी आणलेल्या शिड्या उंचीला पुरेनात. १७२० मध्ये वॉल्टर ब्राऊन याच्या नेतृत्वाखाली इंग्रज पुन्हा आले. यावेळी त्यांनी मुद्दाम बांधलेला एक तरंगता तोफखाना आणला होता. तोही कुचकामी ठरला. १७२४ मध्ये डच आले आणि हात हालवीत परत गेले. या अपयशांचे वृत्तान्त परकीयांनी स्वतःच लिहून ठेवले आहेत. आपल्या माणसांचा भित्रेपणा, दारूबाजी, अधिकाऱ्यांची भांडणे, तोफांचे दोष, हे सारे त्यांत मोकळेपणी येते. समुद्राखालच्या भिंतीवर आपटून जहाज बुडाल्याचे मात्र आमच्या वाचनात कोठे आले नाही. हरलेल्या सेनापतीला याहून चांगली सबब ती कोणती मिळाली असती? अशी भिंत आडवी आली असती, तर ती त्याने सर्वांआधी सांगितली असती.

किल्ला टिकला, त्याची कारणे पाण्यावर होती. आंग्र्यांची गुराबे आणि गलबते उथळ तळाची होती. वारा पडला की इंग्रजांचे जड जहाज जागच्या जागी लोळत राही. त्या वेळी वल्ह्यांनी चालणारी गलबते गुराबांना ओढीत त्याच्या पिछाडीस येत. तिकडे तोफा थोड्या, त्यामुळे मारा करणे सोपे जाई. संकट आले की ही जहाजे खाडीत आत, मोठ्या जहाजांना येणे कठीण अशा पाण्यात शिरत. खाडीच्या आत गिर्ये येथे खडकात खोदलेली आंग्र्यांची गोदी आजही पाहावयास मिळते. भरतीला जहाज आत घ्यावे, ओहोटीला त्याचा तळ कोरडा करून दुरुस्त करावा, अशी ती सोय. सुतार, लोहार, दोरखंड वळणारे, शिडे शिवणारे, वाऱ्याचा आणि पाण्याचा स्वभाव जन्मापासून जाणणारे गाबीत, भंडारी, कोळी अशा शेकडो हातांनी हे आरमार उभे केले होते. भिंतीच्या गोष्टीत या हातांना कोठेच जागा मिळत नाही. तेथे सारे काम दगड करतो.

आणि आता १७५६. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर या सालात आहे.

कान्होजी १७२९ साली वारले. मुलांमध्ये भाऊबंदकी माजली, आणि काही वर्षांनी विजयदुर्ग तुळाजी आंग्रे यांच्या हाती आला. तुळाजी धाडसी दर्यावर्दी होते, तसेच हट्टीही. ते पेशव्यांना जुमानीत नसत. पेशव्यांच्या मुलखालाही त्यांचा उपद्रव पोहोचे. नानासाहेब पेशव्यांनी त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी १७५५ साली मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. त्याच वर्षी कमोडोर विल्यम जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला. पावसाळा सरल्यावर विजयदुर्गची पाळी आली.

येथे एक तपशील आहे, तो वाचून आम्ही थबकलो. मोठे आरमार निघण्यापूर्वी इंग्रजांनी याच जेम्सला टेहळणीसाठी विजयदुर्गकडे धाडले. घेरिया, म्हणजे आपला विजयदुर्ग, उंच डोंगरावर वसलेला असून अजिंक्य आहे, असा त्या काळी मुंबईत समज होता. जेम्सने जवळ येऊन पाहिले, शिसे बांधलेली दोरी पाण्यात सोडून खोली मोजली, आणि कळविले की किल्ला ऐकतो तितका उंचावर नाही, आणि मोठी जहाजे तटाच्या माऱ्याच्या टप्प्यात येऊ शकतील इतके पाणी तेथे आहे. विजयदुर्गविषयीची दंतकथा इंग्रजांच्या मनातही होती. त्यांनी ती दोरी टाकून तपासली.

फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसनचे आरमार विजयदुर्गसमोर आले. ‘केंट’, ‘कंबरलँड’, ‘टायगर’, ‘सॅलिसबरी’ अशा मोठ्या युद्धनौका त्यात होत्या. जमिनीवरून उतरविण्याच्या फौजेचा प्रमुख होता रॉबर्ट क्लाइव्ह. पेशव्यांचे सैन्य जमिनीच्या बाजूस आधीच येऊन बसले होते. तुळाजी बोलणी करण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेले आणि किल्ला भावाच्या हवाली राहिला. १२ फेब्रुवारीस दुपारनंतर समुद्रावरचा वारा धरून इंग्रजी जहाजे रांगेने खाडीत शिरली आणि उत्तरेच्या तटासमोर नांगरून त्यांनी तोफा सुरू केल्या. साठ-सत्तर तोफांची ती धुडे किल्ल्याच्या अंगाला भिडून आत आली. त्यांतील एकही बुडाले नाही.

आंग्र्यांचे आरमार किल्ल्याच्या आश्रयाला खाडीत उभे होते. जहाजे एकमेकांना बांधून ठेवलेली होती. त्यांत ‘रेस्टोरेशन’ हे जहाज होते. ते पूर्वी इंग्रज कंपनीकडूनच जिंकून आणलेले. एक पेटता गोळा त्यावर येऊन पडला. ते पेटले. दोरांनी जखडलेले शेजारचे पेटले, मग त्याच्या शेजारचे. बांधणीवर असलेली नवी जहाजेही ज्वाळांतून सुटली नाहीत. ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने लिहिले आहे की अर्धे शतक या किनाऱ्याचा धाक होऊन राहिलेले हे आरमार तासाभरात नाहीसे झाले. दुसऱ्या दिवशी, १३ फेब्रुवारीस, किल्ला पडला.

चीनच्या इतिहासात अशीच एक आग आहे, आणि तिची दंतकथा आमच्या भिंतीपेक्षा कितीतरी प्रसिद्ध आहे. इसवी सन २०८ च्या हिवाळ्यात यांगत्से नदीवर ‘लाल कड्यां’ची लढाई झाली. उत्तरेचा बलाढ्य सेनानी त्साओ त्साओ याची जहाजे एकमेकांना खेटून उभी होती. दक्षिणेच्या चौ यू या सेनापतीला त्याचा सहकारी ह्वांग काइ याने सुचविले की यांना आग लावावी. शरण येण्याचा बहाणा करून पेटती जहाजे त्यांनी शत्रूवर सोडली आणि त्साओ त्साओचे आरमार भस्म झाले. पुढे हजाराहून अधिक वर्षांनी या काळावर ‘तीन राज्यांची कथा’ नावाची थोर कादंबरी लिहिली गेली. तीत या विजयाचे श्रेय मुख्यत्वे चूगे ल्यांग नावाच्या मुत्सद्द्याला मिळाले. त्याने वेदी उभारून आराधना केली आणि पूर्वेचा वारा बोलाविला, अशी ती गोष्ट. चीनची मुले आज हीच गोष्ट जाणतात. जुन्या इतिहासात मात्र या आराधनेचा मागमूस नाही. तेथे दिसतात ती उत्तरेच्या सैन्यात पसरलेली रोगराई, नदीवरच्या लढाईची त्यांना नसलेली सवय, आणि दाटीवाटीने उभी केलेली जहाजे. खुद्द त्साओ त्साओने नंतर असे लिहिल्याचे नोंदले आहे की सैन्यात आजार पसरला म्हणून आपणच आपली जहाजे जाळून माघारी फिरलो, चौ यूला फुकटचे नाव मिळाले. म्हणजे हरलेल्यानेही आपली एक दंतकथा रचलीच!

ही हकिकत वाचताना आमच्या मनात आले की चीनमध्ये आगीची गोष्ट उरली, कारण ती सांगणाऱ्यांना जिंकलेले लोक आपले वाटले. विजयदुर्गच्या आगीत जळाले ते आपले. म्हणून आपण आगीची गोष्ट बाजूस ठेवली आणि भिंतीची धरली. दोन्हीकडे माणसाला जे सुखाचे, तेच लक्षात राहिले.

आणि आमच्या आगीत आणखी एक अवघड भाग आहे. ती लावणाऱ्यांना बोलाविले कोणी? करार पेशव्यांचा, छावणी पेशव्यांची. इंग्रज विजयदुर्गला आले ते आमंत्रण घेऊन आले. निघण्यापूर्वीच मुंबईत बसून त्यांनी लुटीचे वाटे ठरविले होते आणि त्या वाट्यांत मराठ्यांचे नाव नव्हते. किल्ल्यात सुमारे १० लाख रुपयांचा ऐवज सापडला. तो त्यांनी आपसात वाटून घेतला. किल्ला पेशव्यांना द्यावयाचा, हे ठरलेले होते. तोही त्यांनी महिनोन्महिने सोडला नाही. अखेर ऑक्टोबर १७५६ मध्ये बाणकोट आणि आसपासची गावे मिळाल्यावर तो पेशव्यांच्या हाती आला. तुळाजी कैद झाले आणि कैदेतच वारले. वॉटसन आणि क्लाइव्ह येथून पुढे गेले. जानेवारी १७५७ मध्ये त्यांनी कलकत्ता परत घेतले, आणि त्याच वर्षी २३ जूनला प्लासीची लढाई झाली. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवील असे जे आरमार होते, ते त्याआधी सोळा महिने आपण आपल्याच संमतीने जाळून घेतले होते.

‘केंट’ जहाजावर एडवर्ड आइव्ह्ज नावाचा शल्यवैद्य होता. त्याने या मोहिमेचा वृत्तान्त लिहिला आहे. त्यात एक प्रसंग येतो. किल्ला पडल्यावर तुळाजींची आई, बायका आणि मुले आतच राहिली होती. वॉटसन त्यांना भेटावयास गेला. वृद्ध आईने त्याच्यापुढे आपले दुःख मांडले. आता रयतेला राजा नाही, मला पुत्र नाही, सुनांना पती नाही, या लेकरांना बाप नाही, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. वॉटसनने तिला धीर दिला, मला आपला आप्त समजा म्हणाला. तेव्हा सहा वर्षांच्या एका मुलाने पुढे होऊन त्याचा हात धरला आणि म्हटले, मग आता तुम्हीच माझे बाबा. त्या कणखर दर्यावर्दीला डोळे पुसण्यासाठी तोंड फिरवावे लागले, असे आइव्ह्ज लिहितो. लुटीचे वाटे मागणारा आणि डोळे पुसणारा माणूस एकच होता. हा प्रसंग आम्ही तीस वर्षांत एकाही वर्गाला सांगितला नाही. आम्हांला तो ठाऊकच नव्हता. भिंतीच्या गोष्टीने आमचे इतके समाधान झाले होते की त्यापलीकडे काही वाचण्याची गरजच भासली नाही.

दंतकथा वाईट, असे आमचे म्हणणे नाही. याच किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ दाखवितात. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर या शास्त्रज्ञाने येथून सूर्य पाहून हेलियम शोधले, असे अभिमानाने सांगितले जाते. वास्तविक लॉकियर त्या ग्रहणाला भारतात आलेच नव्हते. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधून आपली निरीक्षणे केली. तरीही त्या ओट्यांमुळे गावातील एखाद्या मुलाला सूर्याविषयी कुतूहल वाटले असेल, तर ते काही वाया गेले नाही. गोष्ट मुलाला दारापर्यंत आणते. दोष घडतो तो आमच्यासारख्यांकडून. दारात आलेल्या मुलाने प्रश्न विचारला की आम्ही दार लावून घेतो.

तर त्या दिवशी किल्ला पाहून आम्ही धक्क्यावर परतलो. मुलांना पाण्यातल्या होड्या दाखवीत उभे असता मागून हाक आली, “गुरुजी!” पन्नाशी उलटलेला, केस पिकलेला, अंगाने भरलेला गृहस्थ. त्याने वाकून पाय धरले, तरी आम्ही ओळखले नाही. त्याने नाव सांगितले आणि आमच्या छातीत काहीतरी हलले. तोच तो. मधल्या काळात तो व्यापारी जहाजांवर लागला होता, देशोदेशींची बंदरे पाहून आता गावी परतला होता.

आम्ही म्हटले, “अरे, तुझे एक उत्तर आमच्याकडे राहिले आहे.” तो गोंधळला. आम्ही सहलीची आठवण दिली. तो हसला. त्याला सारे आठवत होते. “तुमी माका गप केलात, ता माझ्या ध्यानात असा,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. आम्ही त्याला दुपारभर जे येथे लिहिले ते सर्व सांगितले: जेम्सची दोरी, बांधलेली जहाजे, पेशव्यांचा करार, त्या लहान मुलाने धरलेला वॉटसनचा हात. तो लक्ष देऊन ऐकत होता, आणि आमची नातवंडेही. जेम्सने पाणी मोजले, हे सांगताना त्याने मान डोलावली.

“पाणी मोजल्याशिवाय कोण खयच्याच बंदरात बोट घालीत नाय, गुरुजी,” तो म्हणाला. “आमका बोटीवर पैलो धडो तोच.” मग थोडे थांबून, खाडीकडे पाहत, “आनी बोटी अशे एकाक एक बांधूचे नसतत. एक सुटली तर एक तरी वाचता.”

आम्ही त्याची क्षमा मागितली. शिक्षकाने विद्यार्थ्याची क्षमा मागावी, हे त्याला अवघड वाटले. तो “नको, नको” म्हणत राहिला. तथापि आम्हांला ते मागणे आवश्यक होते. त्या दिवशी हसलेल्या इतर मुलांपर्यंत आता आमचा आवाज पोहोचणार नाही. त्यांतील कित्येक आज आपापल्या मुलांना भिंतीचीच गोष्ट सांगत असतील.

निघताना माहिती सांगणारा तो तरुण पुन्हा भेटला. नवा जथा घेऊन तो आत चालला होता. आमच्या बहिणीच्या धाकट्या नातीने त्याला थांबवून विचारले, “दादा, भिंत होती, तर मग इंग्रज आत कसे आले?” तो क्षणभर गप्प झाला. आमच्या छातीत धस्स झाले. आपण त्या जागी काय केले होते, ते आम्हांला आठवत होते. तो डोके खाजवून म्हणाला, “माका म्हायत नाय गो. इचारून सांगतंय.”

त्याच्या वयात आणि त्याच्या जागी आम्हांला हे चार शब्द सुचले नव्हते. आम्ही त्याला बाजूस घेतले आणि जे ठाऊक होते ते सांगू लागलो.